आले का गो तारे?

पौष निम्मा सरला की पेणच्या रामवाडीपासून रस्त्याच्या कडेला पाट्या दिसायला लागतात, ‘गरम पोपटी मिळेल.’ गाडीची काच खाली असली तर भांबुर्ड्याचा वास आत येतो. भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारा पाला, एरवी त्याला कुणी विचारत नाही. पण वालाच्या शेंगा मडक्यात भरताना खाली हाच पाला लागतो आणि वरही हाच. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं पालथं ठेवायचं, भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा, आणि त्या पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात. आमच्या रायगडातला कुठलाही माणूस या वासाला नाक वर करतो. मी काच वर करते. नवरा विचारतो, “थंडी वाजते का?” मी हो म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण थंडी न वाजता काच वर करण्याचं कारण मी त्याला सांगितलेलं नाही. ते कारण म्हणजे लाज.

लाज ही गोष्ट काळाबरोबर पुसट होते असं मला तरुणपणी वाटायचं. राग होतो, दुःखसुद्धा होतं, पण लाजेचं तसं नाही. ती कुठे तरी शहाण्यासारखी गप्प बसलेली असते आणि हंगाम आला की बरोबर वर येते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. डोलवीला कारखान्याचं मोठं बांधकाम चालू होतं आणि एका ठेकेदाराच्या लॅबमध्ये मला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली दाबून फोडायचे, किती भाराला फुटले ते वहीत लिहायचं. बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची, तोंडाने फटकळ मुलगी. माझं घर रोह्याला. तिथून रोज दोन एसट्या बदलून येणं पहिल्या महिन्यातच अंगाशी आलं. वडिलांनी चौकशी केली आणि कुणीतरी सांगितलं, खाडीवर त्या इस्रायलांच्या घरी बघा, घरातल्यासारखं राहता येईल.

आमच्याकडे इस्रायल म्हटलं की देश आठवत नाही, शेजार आठवतो. कितीतरी पिढ्यांपासून कोकणात राहिलेले, आमच्यासारखंच मराठी बोलणारे, पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे हे ज्यू लोक. म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी रोह्यातही त्यांची घरं होती. एकेक करून ती रिकामी झाली, माणसं तिकडे त्यांच्या देशाला गेली.

आरोनकाका आणि रिबकाकाकू मात्र राहिले होते. धरमतरच्या खाडीला लागून त्यांचं ऐसपैस कौलारू घर होतं, मागे नारळी, पुढे पडवी, आणि पडवीपुढे पाण्यात उतरणाऱ्या सात पायऱ्या. भरतीला चार पायऱ्या बुडायच्या. मुलगा कुटुंबासकट तिकडे गेल्यावर एवढ्या घरात दोघांनी काय करायचं, म्हणून त्यांनी चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. फाटकावर पत्र्याची पाटी, ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. मुंबईची कुटुंबं शनिवार-रविवार यायची, कधी अलिबागला निघालेलं नवीन जोडपं, कधी कारखान्याचे इंजिनिअर. पाहुण्यांना चहा मिळायचा तो पडवीतल्या घाण्याच्या दगडावर. वडिलांचा घाणा मोडला तेव्हा काकांनी त्याचा दगड तेवढा ठेवून घेतला होता. त्याच्या खळग्यात कपबशी बरोबर बसायची.

खाण्याचे नियम काकूचे. खवल्याचा मासा चालेल, बिनखवल्याचं काही नाही. म्हणजे जिताडा होता, पण चिंबोरी नाही, कोळंबी नाही. खाडीवर येऊन चिंबोरी नाही म्हटल्यावर पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. “चिंबोरी खायची तर पलीकडं कोळ्याकडं जा, तो माझ्यापरीस चांगली करतो,” असं काकू त्यांना सरळ सांगायची. जिताड्याचं नारळाच्या दुधातलं कालवण मात्र तिच्यासारखं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. पहिल्या आठवड्यात मी पाहुणी होते, दुसऱ्या आठवड्यात मला विळीवर बसवलं.

आणि शनिवार. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत घरातलं सगळं आटपायचं. दोन दिवसांचा स्वयंपाक, अंघोळी, पाणी भरणं. मग काकू दिवे लावायची, काका काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत काही म्हणायचे, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीचे तारे दिसेपर्यंत त्या घरात कुणी काडी ओढायची नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. चहा थर्मासमधला, जेवण आदल्या दिवशीचं. कुणी कुरकुर केली तर काका म्हणायचे, “सहा दिस तुमचं हाटेल. एक दिस आमचं घर.” काही लोक त्यावर हसायचे, काही सामान उचलून जायचे. जाणाऱ्यांना काका फाटकापर्यंत सोडायला जायचे.

शनिवार संपायचा तो आकाशात तीन तारे दिसल्यावर. घड्याळावर नाही. आणि ते बघायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं, अशी त्या घराची रीत होती. आधी काका स्वतः, मग त्यांचा मुलगा, मग नातू. नातू तिकडे गेल्यापासून पाहुण्यांतलं जे कुणी लहान असेल ते. काकांना तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. माझं पाऊल फाटकाशी वाजलं की पडवीतून आवाज यायचा, “वैशाली आली गो, चहा टाक.” खाडीवरचा बार्जसुद्धा ते इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, भरलेला आहे की रिकामा.

मी तिथे मुक्कामाला आले तशी ते काम माझ्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी काका पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसायचे, स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी. मी बाजूला उभी. ते मान वर करून विचारायचे, “आले का गो तारे?”

“एक आला.”

“कुठं?”

नुसतं आला म्हणून भागायचं नाही, जागा सांगावी लागायची. “पुढच्या नारळीच्या डोक्यावर.” मग ते त्या दिशेला बोट करायचे. “दुसरा?” “विहिरीच्या वरती.” पुन्हा बोट. “तिसरा?” तिसऱ्याला वेळ लागायचा. कधी मलाच शंका यायची, आहे की डोळ्यांपुढचा ठिपका, आणि मी म्हणायचे, थांबा काका, नक्की नाही. ते म्हणायचे, “थांबू की. घाई कुनाला हाय?” तिसरा पक्का झाला की ते उठायचे. पडवीत येऊन दिवा लावायचे, पेला धरायचे, तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या सब्जाचा डहाळा खुडून हुंगायचे आणि आम्हाला हुंगायला द्यायचे. शेवटी दिव्यापुढे बोटं वाकवून स्वतःची नखं बघायचे. ती रीतच होती. दिवा लावलाय तर त्याच्या उजेडात काहीतरी बघितलं पाहिजे, म्हणून नखं. त्यांना ती दिसत नव्हती. तरी दर शनिवारी ते ती मन लावून बघायचे, आणि मग हात खाली घेऊन म्हणायचे, “चला. पेटवा चूल.”

असे चौदा-पंधरा शनिवार मी त्यांचे डोळे होते. हे मी मोठेपणाने सांगत नाही. उलट तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटायचं नाही, आणि हाच तर मुद्दा आहे. कुणी आपल्यावर इतका भरवसा टाकत असतं तेव्हा तो आपल्याला साध्या कामासारखा वाटतो.

लॅबमध्ये माझ्याशिवाय चौघं होते आणि वर देशमुख म्हणून शिफ्टचे इन्चार्ज. डब्याच्या वेळी मी फुशारक्या मारायचे. आमचं खाडीवरचं घर, आमच्या पायऱ्या, आमच्या काकूचं कालवण. एकदा पोपटीचा विषय निघाला. देशमुख नागपूरकडचे, त्यांनी पोपटी खाल्लीच नव्हती. मी म्हटलं, “या शनिवारी सगळे या. आमच्या काकांसारखी पोपटी पेण तालुक्यात कुणी लावत नाही.” काकांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं आणि आमंत्रण देऊन मोकळी.

घरी येऊन सांगितलं तर काका खूश. “शनवारी? व्हय, मग तारे आले की पेटवू. भरायचं काम शुक्रवारीच करून ठेवतो. पन उशीर होईल हां, सांग तुझ्या लोकांना.” मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, म्हणून विचारलं असतं, आणि मला ते सगळं समजावत बसायचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काका मडकं भरायला बसले. भांबुर्डा त्यांनी वासावरून निवडला, मी आणलेल्यातला निम्मा फेकून दिला. शेंगा, बटाटे, कणगराचे कंद, मधोमध अंडी, वर ओवा आणि खाडीचं जाडं मीठ. एकेक शेंग बोटांनी चाचपून ते किडकी बाजूला काढत होते. तोंडाशी पाला कोंबून मडकं हाताने थोपटलं आणि म्हणाले, “तुझ्या साहेबाला सांग, आंधळ्याच्या हातची हाय.” काकू आतून ओरडली, “आंधळे कुठं, चांगलं सगळं बघता.” अंगणात खड्डा तयार, पेंढा आणि काटक्या रचून तयार. फक्त काडी ओढायची राहिली.

शनिवारी पाचजण पाच वाजताच हजर. कंपनीची परतीची बस नाक्यावरून साडेसातला होती. थर्मासमधला चहा झाला, खाडी बघून झाली, पायऱ्यांवर बसून फोटो झाले. मग भुका लागल्या.

“वैशाली, पोपटी कधी?”

“लावतोय आता.”

सूर्य पलीकडच्या डोंगरामागे गेला. काका आपली खुर्ची घेऊन पायऱ्यांवर बसले, स्वच्छ सदरा, टोपी, तोंड वर. आमच्यातल्या एकाने हळूच विचारलं, “म्हातारबाबा काय बघतायत? पाऊस येणारेय का?” सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग कुणीतरी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, आणि मला सांगावंच लागलं, की तारे दिसल्याशिवाय इथे काडी ओढत नाहीत. ते त्याने बाकीच्यांना सांगितलं. “तारे? अहो मॅडम, अमावस्येची वाट बघायला नाही लावली हे नशीब!” देशमुख घड्याळाकडे बघत म्हणाले, “असं असेल तर राहू द्या ना. आम्ही नाक्यावर वडापाव खातो.” त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. पण माझे कान तापले.

इथे अनेकांना वाटेल की नोकरीचा प्रश्न असेल, साहेबांना खूश ठेवायचं असेल. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगितलं. माझी मुदत महिन्याभरात संपणार होती आणि वाढवणं त्यांच्या हातात होतं, हे खरं. पण त्या क्षणी नोकरी माझ्या डोक्यात नव्हती. मला काकांची लाज वाटत होती. त्या टोपीची, त्या वर केलेल्या तोंडाची, माझ्या ‘आमच्या घरा’ची. आहे ते असं आहे.

काकांनी विचारलं, “आले का गो तारे?”

आकाश अजून केशरी होतं. पाण्यावर उजेड होता, पलीकडच्या बार्जवरची माणसं दिसत होती. मी म्हटलं, “आले.”

“एकदम?” ते हसले. “पयला कुठं?”

“नारळीच्या डोक्यावर.”

त्यांनी बोट केलं. बोटाच्या टोकाशी काहीही नव्हतं.

“दुसरा?”

“विहिरीच्या वर.”

“तिसरा?”

इथे तरी मी थांबू शकत होते. थांबा काका, नक्की नाही, हे माझ्या सवयीचं वाक्य होतं. पण मागे पाचजण उभे होते. “कौलांच्या कोपऱ्याशी,” मी म्हटलं. नुसतं ‘आले’ हे तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. हे तीन तर मी जागा शोधून शोधून ठेवले होते.

लॅबच्या वहीत मी कधी एक आकडा खोटा लिहिला नाही. ठेकेदाराचा माणूस कितीदा म्हणायचा, मॅडम, थोडा वर धरा. मी ठाम नाही म्हणायचे आणि त्याचा मला गर्व होता.

काका उठले. पडवीत आले, दिवा लावला, पेला धरला. शनिवारला निरोप द्यायचं म्हणणं त्यांनी शनिवार संपायच्या आत म्हटलं, माझ्या शब्दावर. सब्जा हुंगला, आम्हाला दिला. पाहुण्यांनी गंमत म्हणून हुंगला. मग दिव्यापुढे नखं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर अजून चांगली होती, चष्मासुद्धा नव्हता. ती एकदा माझ्याकडे बघत होती आणि एकदा अंगणावरच्या उजेडाकडे. पाच परक्या माणसांसमोर ती काही बोलली नाही.

“चला,” काका म्हणाले, “पेटवू या,” आणि स्वतःच्या हाताने काडी ओढली.

जाळ चांगला धरला. सगळे भोवती बसले, गाणी झाली. काका मधून मधून मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकत होते. तो आवाज कोरडा आला की पोपटी झाली. माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, “दीस मोठा व्हायला लागला, तरी तारे लवकर आले आज. तुझे डोळे चांगले हायेत गो. माझ्या नातवाला इतक्या लवकर नसतं दिसलं.”

तेव्हा मी वर बघितलं. नारळीच्या डोक्यावर पहिला तारा नुकता उमटत होता. जाळ अर्धा जळून गेला होता. अंगणाच्या पलीकडून काकूही तिकडेच बघत होती. मग तिने मान खाली केली आणि पाहुण्यांसाठी केळीची पानं पुसायला घेतली.

पोपटी उत्तम झाली होती असं सगळे म्हणाले. देशमुखांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. साडेसातची बस त्यांना मिळाली. मी एक शेंग सोलून तोंडात घातली आणि ती बराच वेळ तशीच तोंडात धरून बसले.

रविवारी सकाळी मी ठरवून पडवीत गेले. काका घाण्याच्या दगडाशी चहा घेत होते. मी म्हटलं, “काका, काल ते तारे...” तेवढ्यात आतून काकूची हाक आली, “वैशाली, पानी भरायला ये गो आधी.” पाणी तर भरलेलं होतं. विहिरीवर गेले तर ती रिकामी कळशी घेऊन उभी.

“काय सांगनार होतीस ह्यांना?”

मी कळशी घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

“साठ वर्सांत ह्यांनी शनवार मोडला नाय. बाप मेला तो शनवारी, तरी नाय. सांगितलंस तर काय होईल? तुझा भार हलका होईल आनि त्यांच्या डोक्यावर बसंल. मंग पुढच्या शनवारी कुनाला विचारायचं त्यांनी, तारे आले का म्हनून?”

“काकू, मी...”

“तू केलंस ना? मंग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मी नाय सांगनार, तूबी नाय.” तिने कळशी विहिरीत सोडली. “नि रडू नको. तोंड धू आनि चल. मला वाल सोलायचे हायेत.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मला त्या दिवशीही विळीवर बसवलं, ताटात माशाचा तुकडा नेहमीसारखाच मोठा वाढला. ज्यांनी आपल्याला शिक्षा द्यायची असते ती माणसं शिक्षा करतच नाहीत, आणि मग आपणच ती आयुष्यभर हप्त्याहप्त्याने भोगत राहतो. माफी मागून मोकळं होण्याची सोय काकूने माझ्याकडून काढून घेतली. तेव्हा मला ते क्रूर वाटलं. आता या वयात कळतं की मी मोकळी होणं आणि काकांना न दुखावणं यातलं एकच काहीतरी शक्य होतं, आणि तिने एका क्षणात योग्य ते निवडलं होतं.

उरलेले तीन-चार शनिवार मी निमित्तं काढून रोह्याला घरी काढले. माझी मुदत वाढली नाही. पुढे मला रोह्याजवळ धाटावला एका कारखान्यात काम मिळालं आणि मी घरून जाऊ लागले. कुंडलिका नदीवरून रोज संध्याकाळी परतताना आकाशाकडे बघायची खोड मला तेव्हापासून लागली, ती सुटली नाही. घरी अजूनही शनिवारी दिवेलागणीला मी गॅलरीत उभी असते. मुलगी लहान असताना विचारायची, “आई, काय बघतेस?” मी सांगायचे, काही नाही, उकडतंय. थंडी वाजते, उकडतंय, अशी लहान लहान खोटी बोलण्यात मी आता चांगली तरबेज झाले आहे.

डोलवी सोडली त्याच उन्हाळ्यात काकूचं कार्ड आलं. पावसाळ्यानंतर ते दोघंही मुलाकडे कायमचे जाणार होते. ‘भेटून जा. हे आठवण काढतात.’ बाकी काही नाही. दोन शनिवार मी कारणं काढली, तिसऱ्या शनिवारी गेले. एसटीतून उतरून खाडीकडे चालत गेले. फाटकाशी पाऊल वाजलं आणि पडवीतून आवाज आला, “वैशाली आली गो. चहा टाक. नाय, शनवार हाय, थर्मास दे.”

मी आत जाऊन बसले. खोल्यांतल्या खाटा गेल्या होत्या. पत्र्याची पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली होती. काकांनी माझी, वडिलांची, धाटावच्या कामाची चौकशी केली. घाण्याचा दगड तिकडे नेता येईल का यावर मुलाचं आणि त्यांचं पत्रातून भांडण चालू होतं. “मी मुलाला लिवलं, विमान बुडतं का रे एका दगडानं?” काकू हसली. मला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

सूर्य गेला. काका खुर्ची घेऊन पायऱ्यांवर बसले. स्वच्छ सदरा, टोपी. पाहुणे कुणी नव्हते. घरात सगळ्यात लहान मीच.

“आले का गो तारे?”

“अजून नाही.”

त्या दिवशी मी जन्मात कधी बघितलं नसेल असं आकाश बघितलं. पहिला खाडीच्या अंगाला आला. मी बोलले नाही. मनात म्हटलं, नक्की होऊ दे. दुसरा आला, तिसरा आला. माझी खात्री होईना. म्हटलं, हे तीन मोठे आहेत, कुणाला दिसतील, आणखी थोडे येऊ देत. चौथा आला, पाचवा. एकदा या घरात मी ‘आले’ म्हटलं होतं, आता तो शब्द उच्चारायचा मला धीरच होत नव्हता. काका शांत बसले होते, तोंड वर, हात मांडीवर. भरती चढून पाणी चौथ्या पायरीला लागलं. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. बोटांवर मोजून नऊ झाले, डोलवीच्या बाजूचे दिवे लागले, अंगण पुरतं काळं झालं, तेव्हा मी म्हटलं, “आले, काका.”

“कुठं?”

मी जागा सांगितल्या. त्यांनी तिन्ही ठिकाणी बोट केलं. मग उठले, पडवीत आले, काडी ओढून दिवा लावला. पेला, सब्जा. डहाळा माझ्या हातात देताना त्यांनी तो मी पकडेपर्यंत धरून ठेवला. मग दिव्यापुढे बोटं वाकवली, बघत राहिले, आणि म्हणाले, “अगं, नखं काढायला झालीत की माझी.”

मला आधी कळलं नाही. मग काकूकडे बघितलं. ती पदराने तोंड झाकून हसत होती.

“काका, दिसतं तुम्हाला?”

“उजवा डोळा केला. पेनच्या डाक्टरानं, होळी झाल्यावर. हिला म्हटलं, वैशालीला सांगू नको, गंमत करू.” त्यांनी दिवा उचलून माझ्या चेहऱ्यासमोर धरला आणि प्रथमच मला बघितलं. “एवढुशी हायस होय? आवाजावरनं मला धिप्पाड वाटलेलीस.”

मी हसायचा प्रयत्न केला. मग एकदम डोक्यात आलं.

“म्हणजे तारे दिसत होते तुम्हाला? मघाशी?”

“दिसले की. खाडीवरचा पयला, मंग ते दोन. कधीच आलेले.”

“मग इतका वेळ बसून का राहिलात?”

त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा. दिवा दगडावर ठेवत ते म्हणाले, “तू म्हनाली नव्हतीस ना अजून.”

काकूने माझ्याकडे बघितलं नाही. ती आत गेली आणि चहासाठी स्टोव्ह पेटवू लागली.